बेयेचं मॉडेल: हार्लेमच्या एका घराच्या नोंदी

रविवार, १२ जानेवारी २०२५

आज ठरलं. यंदा मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांचा प्रकल्प म्हणजे नेदरलँड्समधल्या हार्लेम गावातलं, दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना लपवणाऱ्या टेन बोम कुटुंबाचं घर, एका बाजूने उघडं, आतल्या सगळ्या खोल्या दिसतील असं, १:२० प्रमाणात. ४ मेपर्यंत पुरं करायचं. त्या संध्याकाळी आठ वाजता युद्धातल्या मृतांसाठी हा सारा देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहतो, आणि यंदा जर्मन ताब्यातून मुक्तीला ऐंशी वर्षं होत आहेत. डच शाळांत जाणारी आमची मुलं ही दोन मिनिटं दरवर्षी पाळतात. घरी आई-बाबांना मात्र त्यामागचं फारसं ठाऊक नसतं. ते त्यांनी आपल्या मुलांकडून, मराठीत ऐकावं एवढ्यासाठी हा घाट घातला आहे.

अ‍ॅन फ्रँकचं घर का नको, असं दोन पालकांनी विचारलं. ते बहुतेकांनी पाहिलेलं आहे. तिथे लपलेल्यांची बाजू कळते. मला यंदा दार उघडणाऱ्यांची बाजू हवी होती. रोज किती माणसं जेवणार, चादरी किती, रेशन कार्डं कुठून आणायची, कोण आलं तर काय करायचं, हा सगळा संसार कसा चालवला ते मुलांनी हाताने करून बघावं.

पत्ता बार्तेलयोरिसस्ट्राट १९. रस्त्याच्या लांबलचक नावावरून घरच्यांनी घराला ‘बेये’ म्हणायला सुरुवात केली. १८३७ साली विलेम टेन बोम यांनी इथे घड्याळांचं दुकान थाटलं. मग त्यांचा मुलगा कास्पर, आणि कास्परची मुलगी कोरी, १९२२ मध्ये परवाना मिळालेली नेदरलँड्समधली पहिली महिला घड्याळजी. घराचं म्युझियम १९८८ मध्ये झालं. तळमजल्यावर आजही घड्याळ-दागिन्यांचं दुकान चालतं.

शनिवार, १ फेब्रुवारी

मुलांना घेऊन म्युझियमला जाऊन आलो. आधी नोंदणी करूनच जावं लागतं, आणि घर माहिती देणाऱ्या स्वयंसेवकाबरोबरच बघायचं. प्रवेश दुकानातून नाही, बाजूच्या बोळातून.

मुलांना पहिल्यांदा जाणवला तो घराचा अरुंदपणा. मुळात ही दोन घरं. पुढचं आणि मागचं जोडून एक केलेलं, त्यामुळे पुढच्या खोलीची जमीन आणि मागच्या खोलीची जमीन एका पातळीत येतच नाही. मधून वळणावळणाचा जिना. प्रत्येक खोलीला दोन-चार पायऱ्या वर किंवा खाली. आमच्यातला एक मुलगा सारखा विचारत होता, “ताई, आपण आता कितव्या मजल्यावर आहोत?” सरळ उत्तर कुणालाच देता आलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला या घराचा अंदाज येत नाही, आणि जर्मनांविरुद्ध गुप्तपणे काम करणाऱ्या प्रतिकारातल्या लोकांना नेमकं हेच सोयीचं वाटलं होतं.

जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीत रेशन कार्डं लपवायची जागा होती. पायरी बिजागरीवर उचलली जायची. हे ऐकल्यावर सगळी मुलं गुडघ्यावर बसली.

मग वर, अगदी वरच्या मजल्यावर, कोरी यांची झोपायची खोली. छोटीशी. खोलीच्या शेवटी एक भिंत. त्या भिंतीपुढे आणखी एक विटांची भिंत बांधून मागे जेमतेम ७५ सेंटीमीटर खोल जागा ठेवली होती. भिंत विटांचीच हवी, हा बांधणाऱ्याचा आग्रह होता, कारण लाकडी फळीवर ठोकलं की पोकळ आवाज येतो. विटा आणि अवजारं घड्याळांच्या पेट्यांमधून, वर्तमानपत्रांत गुंडाळून, थोडी थोडी घरात आणली. भिंत झाल्यावर तिला मुद्दाम जुनी, ओल आलेली अशी कळा आणली. आत जायची वाट कपड्यांच्या कपाटातून. सर्वांत खालच्या फळीमागे सरकणारी झडप. सरपटत आत जायचं, झडप लावायची, उभं राहायचं.

आता पाहुण्यांना आत बघता यावं म्हणून भिंतीला मोठं भोक पाडलेलं आहे. मुलं त्यातून आळीपाळीने आत गेली. चौदा वर्षांची एक मुलगी बराच वेळ आत थांबली. बाहेर आल्यावर म्हणाली, “आत बसता येत नाही, नीट.” बाकी काही नाही. मी ते वहीत लिहून घेतलं.

परतताना मुलांना स्मेडेस्ट्राटवरचं पोलीस ठाण्याचं ठिकाण दाखवलं. घरापासून हाकेच्या अंतरावर. इतक्या जवळ, आणि तरी.

रविवार, ९ फेब्रुवारी

आराखडा. म्युझियममधली मापं आम्हाला घ्यायची नव्हती आणि मागितलीही नाहीत. फोटो, बाहेरून मोजलेला दर्शनी भाग आणि उंच मुलाला दारात उभं करून घेतलेला अंदाज यांवर काम. हे मॉडेल वास्तुशास्त्रीय नाही, हे पाटीवर स्पष्ट लिहायचं. एका मापावर मात्र तडजोड नाही. लपायच्या जागेची खोली ७५ सेंटीमीटर म्हणजे मॉडेलमध्ये पावणेचार सेंटीमीटर. एक मिलिमीटरही जास्त नको.

सामान: पाच मिलिमीटरचा फोमबोर्ड भिंतींना, जिन्याला बाल्सा लाकूड, विटांसाठी धान्याच्या खोक्यांचा पुठ्ठा. इथली वीट लहान असते. १:२० ला ती साधारण एक सेंटीमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर उंच येते. एका मुलाने ‘विटांचा कागद छापून चिकटवू या’ असं सुचवलं. बाकी घराला तसंच करू. पण ही एक भिंत एकेक वीट कापून, चिकटवून, चुन्याच्या जागी पोटीन भरून करायची. तासन्‌तास लागतील. लागू देत.

माणसांबद्दल वाद झाला. लहान मुलांना बाहुल्या हव्या होत्या. ठरलं ते असं: आठ सेंटीमीटरचे साधे लाकडी दंडगोल, चेहरे नाहीत, रंग नाही, प्रत्येकाच्या तळाला नाव किंवा ‘नाव गुप्त’ अशी चिठ्ठी. जर्मन शिपायांच्या आकृत्या करायच्या नाहीत. एका मुलाला हे पटलं नाही. “मग भीती कशाची ते कसं कळणार?” त्याचा प्रश्न रास्त आहे. उत्तर म्हणून घंटेचं बटण करायचं ठरवलं. त्याची नोंद पुढे.

रविवार, १६ फेब्रुवारी

जिना जमत नाहीये. पातळ्यांचा घोळ कागदावर सुटतो आणि लाकडात पुन्हा अडकतो. आज एका बाबांनी, ते मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, मधल्या खांबाला धरून पायऱ्या पंख्यासारख्या लावायची युक्ती काढली. पुढच्या रविवारी बघू.

मुलं जिन्यात गुंतली असताना मी मोठ्यांना तेव्हाच्या नेदरलँड्सबद्दल सांगितलं. १० मे १९४० ला जर्मनीचा हल्ला, १४ तारखेला रॉटरडॅमवर बॉम्ब, १५ ला शरणागती. मग घाई न करता, एकेका फॉर्मने आणि एकेका फर्मानाने, माणसं वेगळी काढत नेली. ज्यूंची नोंदणी झाली, ओळखपत्रावर ‘जे’ आलं, बागा-थिएटरं त्यांना बंद झाली, मे १९४२ पासून छातीवर पिवळा तारा. १५ जुलै १९४२ ला वेस्टरबोर्कहून पूर्वेकडच्या मृत्यूछावण्यांकडे पहिली आगगाडी. वेस्टरबोर्क हा कँप मुळात डच सरकारनेच १९३९ मध्ये जर्मनीतून पळून आलेल्या ज्यूंसाठी बांधला होता. पुढे तिथूनच नव्वदहून अधिक गाड्या निघाल्या.

टेन बोमांच्या दारात सुटकेस घेऊन पहिली ज्यू बाई आली ती १९४२ च्या मे महिन्यात. आधी एक, मग दोघे. काही एक-दोन दिवस राहून पुढे खेड्यांत, शेतघरांत जायचे. काहींना कुठेच जागा मिळेना, ते इथेच राहिले. त्यांच्यातला एकजण सिनेगॉगमधला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातला, प्रार्थना गाणारा होता. शब्बाथ आणि हनुक्का हे ज्यूंचे पवित्र दिवस या ख्रिस्ती घराच्या जेवणाच्या टेबलावर साजरे झाले. या घराच्या जाळ्यातून सुमारे आठशे ज्यूंचे जीव वाचले असावेत, असा अंदाज सांगितला जातो. पण या पंगतीला पुरेल एवढं अन्न रेशन कार्डाशिवाय मिळणं शक्यच नव्हतं. कोरी यांनी रेशन कचेरीतल्या एका ओळखीच्या कारकुनाकडे शंभर कार्डं मागितली आणि त्याने ती मिळवून दिली. म्हणून आमच्या मॉडेलमधली उचलता येणारी पायरी ही नुसती गंमत नाही. ती चालली पाहिजे, आणि आत चिमुकली कार्डं असली पाहिजेत.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

शाळा नसताना ही नोंद लिहितेय, कारण धाड पडली ती याच तारखेला. २८ फेब्रुवारी १९४४.

कोरी तापाने अंथरुणात होत्या. त्याच वरच्या खोलीत. खाली एक माणूस आला. बायकोला पकडलंय, सोडवायला सहाशे गिल्डर हवेत, मदत करा म्हणाला. तो खबऱ्या होता. त्याच दिवशी घरात प्रार्थनेची बैठक होती, आणि संध्याकाळपर्यंत जो जो दाराशी आला तो पकडला गेला. तिसाच्या आसपास माणसं नेली. त्यांतल्या बहुतेकांना पुढे सोडलं.

खिडकीत अल्पिना घड्याळांच्या जाहिरातीची तिकोनी पाटी असायची. पाटी उभी असली की यायला हरकत नाही, अशी खूण. कोरी यांच्या आठवणींनुसार त्यांची बहीण बेट्सी हिने ती पाडायचा प्रयत्न केला, पण धाड घालणाऱ्यांनी ती ओळखून परत उभी केली. म्हणजे वाचवणारी खूणच सापळा झाली. मॉडेलमध्ये पाटी करायची आणि ती उभीच ठेवायची. खाली दोन ओळींत हे सांगायचं.

घंटेचा सराव ते आधीपासून करत होते. घरभर बटणं बसवली होती. एक दाबलं की वर घंटा. जेवताना वाजली तर जादा ताटं, पेले, खुर्च्या गायब करायच्या. रात्री वाजली तर आपली गादी उलटी करून ठेवायची, नाहीतर हात लावणाऱ्याला ऊब लागेल आणि कळेल की इथे आत्ता कोणीतरी झोपलं होतं. सराव करत करत सत्तर सेकंदांपर्यंत आणलं. ही गादीची गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा सगळ्यांत धाकट्या मुलीने आईचा हात धरला.

सहा जण आत होते. चार ज्यू, दोघे प्रतिकारातले. घर तपासलं, भिंती ठोकल्या, झडप सापडली नाही. घरावर पहारा बसला. सुमारे ४७ तास ते त्या पाऊण मीटरात होते. १९४४ लीप वर्ष होतं, मध्ये २९ तारीख आली. १ मार्चला प्रतिकाराशी संबंध असलेल्या डच पोलिसांनीच त्यांना बाहेर काढलं. पुढे तुरुंगात कोरी यांना बाहेर असलेल्या दुसऱ्या बहिणीचं, नोलीचं, पत्र मिळालं. त्यावर तिकिटाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कपाटातली सगळी घड्याळं, म्हणजे लपलेली माणसं, सुखरूप आहेत.

रविवार, ९ मार्च

आज कास्पर यांचा स्मृतिदिन. मुलं त्यांना ‘घड्याळवाले आजोबा’ म्हणतात. अटक झाली तेव्हा वय चौऱ्याऐंशी. कोरी सांगत की हेगजवळच्या स्खेवेनिंगेनच्या तुरुंगात नेण्याआधी एका अधिकाऱ्याला त्यांच्या वयाकडे बघून दया आली. पुन्हा असलं काही करणार नाही असं म्हणा, घरी सोडतो, असं तो म्हणाला. आजोबांनी उत्तर दिलं ते असं की आज घरी गेलो तर उद्या दार ठोठावणाऱ्या गरजवंताला पुन्हा आत घेईन. अटकेनंतर दहा दिवसांत, ९ मार्च १९४४ ला, ते गेले.

एका आईने विचारलं, म्युझियममध्ये धर्माबद्दल बरंच ऐकायला मिळालं, ते आपण कमी करायचं का? माझं उत्तर नाही. हे लोक कट्टर श्रद्धावान प्रोटेस्टंट होते. १८४४ पासून या घरात ज्यू लोकांसाठी दर आठवड्याला प्रार्थना व्हायची, आणि तिला शंभर वर्षं झाली त्या वर्षी धाड पडली. त्यांनी जे केलं ते बायबल उघडून, ईश्वराची आज्ञा समजून केलं. ते कारण झाकलं तर माणसं खोटी होतील. त्याच वेळी याच हार्लेममध्ये हानी शाफ्ट नावाची डाव्या विचारांची विशीतली मुलगी सायकलवरून पिस्तूल घेऊन फिरत होती, आणि तिला १७ एप्रिल १९४५ ला, मुक्ती तीन आठवड्यांवर आलेली असताना, समुद्रकिनाऱ्याच्या वाळूच्या टेकड्यांत गोळी घातली. तिची प्रेरणा निराळी. दोन्ही सांगायच्या. मुलांनी आपापलं ठरवावं.

जिना झाला. पंख्याची युक्ती चालली. खालची पायरी उचलली जाते, आत तांदळाएवढी कार्डं आहेत.

रविवार, २३ मार्च

भिंतीचं काम जोरात. एक मुलगा आणि त्याची मोठी बहीण चिमट्याने विटा लावतायत. थर झाला की पट्टीने दाबायचा, ओला गोंद टिपायचा, पुढचा थर अर्ध्या विटेने सरकवायचा.

काल काही जण अ‍ॅमस्टरडॅमच्या वेसपरस्ट्राटवरच्या स्मारकाला जाऊन आले, मीही होते. २०२१ मध्ये झालेलं हे स्मारक डॅनियल लिबेस्किंड यांनी आखलेलं. विटांच्या उंच भिंती, आणि प्रत्येक विटेवर एकाच माणसाचं नाव, जन्मतारीख, मृत्यूच्या वेळचं वय. एक लाख दोन हजारांहून जास्त विटा. नेदरलँड्समधून नेऊन मारलेले ज्यू, आणि दोनशेहून अधिक रोमा व सिंती, म्हणजे युरोपातल्या भटक्या समाजांतले लोक. आडनावांच्या क्रमाने लावल्यामुळे एकाच आडनावाच्या विटांचे पट्टेच्या पट्टे येतात. वय ३९, वय ३६, वय ९, वय ६, वय ०. बहिणीने बोटाने एका कुटुंबाच्या विटा मोजल्या आणि मग पुढचं आडनाव बघायचं टाळलं.

आज ती नेहमीपेक्षा हळू काम करत होती. मी विचारलं नाही. दुपारी तिनेच विषय काढला, की आपलं मॉडेल बघून लोकांना वाटेल सगळे वाचले. लपायची जागा सापडली नाही, सहा जण सुटले, टाळ्या. तिचं म्हणणं मला जानेवारीपासून सतावणाऱ्या गोष्टीवर नेमकं बोट ठेवणारं होतं. घर दाखवलं की सुटकाच दिसते. गाड्या घरात दिसत नाहीत.

आकडे फळ्यावर लिहिले. नेदरलँड्समध्ये साधारण एक लाख चाळीस हजार ज्यू. सुमारे एक लाख सात हजार नेले. परत आले पाचेक हजार. पश्चिम युरोपातल्या व्यापलेल्या देशांत मारल्या गेलेल्यांचं एवढं मोठं प्रमाण दुसऱ्या कुठल्याच देशात नाही. नोंदी नीटनेटक्या होत्या, रेल्वे वेळेवर होती, डच पोलीस घरोघर जाऊन माणसं आणत होते. १९४३ मध्ये लपलेला ज्यू पकडून देणाऱ्याला माणशी साडेसात गिल्डर मिळायचे. इथल्या रेल्वेने या वाहतुकीबद्दल २००५ मध्ये माफी मागितली आणि सरकारच्या वतीने पंतप्रधान मार्क रुट यांनी जानेवारी २०२० मध्ये. आमच्या मुलांना डच माणूस म्हणजे अ‍ॅनला लपवणारा, असंच वाटत आलं होतं. एकाने विचारलं, “मग आपल्या गल्लीतले?” त्याला म्हटलं, बहुतेक लोक यातलं काहीच नव्हते, आणि म्हणूनच हे घर वेगळं काढून दाखवावं लागतं.

रविवार, ६ एप्रिल

गाड्या कशा दाखवायच्या, याचं उत्तर गणिताची आवड असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाने दिलं. त्याने विचारलं, घर १:२० आहे तर बाकीचंही १:२० ठेवलं तर? मग नकाशा काढून बसला.

हार्लेम ते वेस्टरबोर्क सरळ रेषेत सुमारे १४५ किलोमीटर. विसाने भागलं तर सव्वासात. म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमलगतच्या आमच्या अम्स्टेलफेनच्या हॉलमध्ये घर मांडलं तर वेस्टरबोर्क अ‍ॅमस्टरडॅम शहराच्या मध्याजवळ येईल. कोरी आणि बेट्सी यांना जिथे नेलं ती राव्हेन्सब्रुकची छळछावणी, बर्लिनच्या उत्तरेला, हार्लेमपासून जवळजवळ ५८० किलोमीटर. विसाने भागून २९. ते येईल उत्रेख्तला. वर्गातल्या एकीचे बाबा रोज उत्रेख्तला नोकरीला जातात. ती म्हणाली, “बाबांना गाडीत अर्धा तास लागतो. लहान केलेल्या जगातसुद्धा?”

हेच ठेवायचं. घराच्या दारातून टेबलाच्या कडेपर्यंत काळी फीत, ती टेबलावरून खाली, हॉलच्या दरवाजापर्यंत, आणि दरवाजावर पाटी: ‘या घराच्या प्रमाणात राव्हेन्सब्रुक इथून २९ किलोमीटर पुढे आहे.’

फितीवर टप्पे. स्खेवेनिंगेन: कोरी कित्येक महिने एकट्या कोठडीत, बेट्सी त्याच तुरुंगात पण दुसरीकडे. मग जून १९४४ मध्ये फ्युख्तचा कँप. तिथे फिलिप्स कंपनीची कार्यशाळा चालायची, आणि घड्याळजी कोरी यांना रेडिओच्या जोडणीवर बसवलं. याच फ्युख्तमधून त्याआधी एक वर्ष, ६ आणि ७ जून १९४३ ला, तेराशेच्या आसपास ज्यू मुलं दोन गाड्यांनी काढून नेली होती. वेस्टरबोर्कमार्गे सोबिबोरच्या मृत्यूछावणीला. त्यांच्यासाठी वेगळी फीत, पांढरी. मुलांनी मागितली म्हणून. ती कुठेही परत येत नाही.

सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्तांचं सैन्य जवळ आल्यावर दोघी बहिणींना राव्हेन्सब्रुकला. बेट्सी तिथे १६ डिसेंबरला गेली, एकोणसाठाव्या वर्षी. त्यानंतर काहीच दिवसांनी कोरी यांना सोडलं. कचेरीतल्या चुकीमुळे सुटका झाली, असं त्यांना नंतर कळलं. भाऊ विलेम तुरुंगात जडलेल्या क्षयाने १९४६ मध्ये गेले. त्यांचा मुलगा किक छावणीतून परतलाच नाही. म्हणजे त्या भिंतीमागचे सहा सुटले तेव्हा भिंत बांधून घेणाऱ्या घरातून चार माणसं कायमची गेली. हे वाक्य पाटीवर जसंच्या तसं घ्यायचं.

रविवार, १३ एप्रिल

पाट्यांची भाषा. मुलांचं मराठी घरचं आहे, त्यात डच शब्द सहज मिसळतात, आणि मी ते फार खोडत नाही. पण ‘हिरो’ शब्द प्रत्येक पाटीवर आला होता तो काढायला लावला. काय केलं ते लिहा. कार्ड आणलं, भिंत बांधली, गादी उलटी केली, दार उघडलं.

साताऱ्याहून आलेले एकीचे आजोबा बसून ऐकत होते. म्हणाले, “हे तर आमच्याकडच्या भूमिगतांसारखंच, बाळ.” १९४३ ते ४६ च्या प्रतिसरकारच्या काळात कार्यकर्त्यांना घरात ठेवणाऱ्या, रानात भाकरी पोचवणाऱ्या घरांच्या कितीतरी गोष्टी त्यांनी लहानपणी ऐकल्यात. पकडलं तर घरच्यांनाही मार. मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली आणि काही वेळ हार्लेम बाजूलाच राहिलं. बरं वाटलं. त्यांना समजायला ती वाट जवळची आहे, त्यांनी त्या वाटेने यावं.

पण एक फरक मी त्यांच्यासमोरच मुलांना सांगितला आणि आजोबांनी मान डोलावली. साताऱ्याचा भूमिगत लढायला उतरला होता म्हणून सरकार त्याच्या मागे होतं. बेयेत आलेली बाई काही केलं म्हणून लपत नव्हती. ती जन्मली म्हणून लपत होती. तिच्या मांडीवरचं मूलही. म्हणून टेन बोमांच्या घरातला प्रतिकार मुख्यतः अन्न, अंथरूण आणि गप्प राहणं यांचा होता. हे दोन्ही एका पाटीवर आणायचं नाही.

रविवार, ४ मे

मांडलं. सकाळी हॉलमध्ये आणताना छपराचा एक कोपरा दबला, तो आतून पट्टी लावून उचलला. विटांची भिंत शाबूत. दर्शनी बाजूने ती साधी रंगवलेली भिंत दिसते, बाजूने वाकून पाहिलं की मागची पावणेचार सेंटीमीटरची चीर आणि तीत सहा दंडगोल. उभेच मावतात. घंटेचं बटण दुकानाच्या पायरीपाशी आहे. दाबलं की वर बारीक दिवा लागतो आणि सत्तर सेकंदांनी विझतो. आवाज मुद्दाम ठेवला नाही. लोक बटण दाबून गप्प उभे राहत होते, काहींनी घड्याळाकडे बघत मोजलं.

मुलांनी छान सांगितलं. अडखळत, मध्ये डचमध्ये घसरत, पण घाबरले नाहीत. एका बाबांनी विचारलं, “एवढीच घरं का पुढे आली? भीती, एवढंच?” चौदा वर्षांच्या मुलीने उत्तर दिलं ते मी लगेच लिहून घेतलं: “काका, भीती तर होतीच. पण घर लागतं, जास्तीची कार्डं लागतात, शेजारी न बोलणारे लागतात आणि जेवण रोज करावं लागतं. एक दिवस धीट होणं पुरत नाही.” तरी पंचवीस हजारांहून अधिक ज्यूंना कुठे ना कुठे लपता आलं, असं तिने पुढे सांगितलं, आणि त्यातला साधारण एक तृतीयांश सापडला हेही.

दरवाजावरच्या पाटीपाशी माणसं थांबत होती. फितीवरून पाय देऊन कुणी जाऊ नये म्हणून धाकटी दोन मुलं आपणहून पहाऱ्याला उभी राहिली. एका पालकाने पांढऱ्या फितीचं विचारलं आणि उत्तर ऐकून खाली बसूनच त्या तारखा वाचल्या.

साडेसातला आवरून सगळे जवळच्या स्मारकाकडे चालत गेलो. आजोबाही आले.

रविवार, ११ मे

उरलेली कामं. जिन्याजवळच्या दिव्याची वायर सैल आहे, बदलायची. अल्पिना पाटीखालचा मजकूर फार बारीक, पुन्हा छापायचा. कार्डांपैकी काही कोणीतरी आठवण म्हणून नेलीत. नवीन करायची आणि पायरी आता पारदर्शक झाकणाने बंद ठेवायची.

जूनमध्ये मॉडेल एका डच शाळेच्या वाचनालयात ठेवायचं बोलणं झालंय. तिथे नुसत्या मराठी पाट्या चालणार नाहीत. चौदा वर्षांची मुलगी डच मजकूर लिहितेय, भाषांतर न करता नव्याने, आणि कास्पर यांच्या पाटीवर तिला आणखी जागा हवी आहे. देऊ. त्यासाठी फितीची पाटी दोन सेंटीमीटर खाली सरकवावी लागेल.

बेट्सीबद्दल मजकूर फार कमी पडलाय, असं आजोबांनी जाताना सांगितलं. घर चालवत होती ती तीच, स्वयंपाक तिचा, पाहुण्यांची विचारपूस तिची. दुकानात कोरी आणि वडील बसायचे म्हणून त्यांची नावं पुढे येतात. खरं आहे. स्वयंपाकघराला स्वतंत्र पाटी करायची, आणि तिथे चूल, ताटं, जेवणाचं टेबल यांचं काम ज्या दोन मुलांनी केलं त्यांनीच ती लिहायची. पुढच्या रविवारी मसुदा घेऊन या म्हणून त्यांना कळवलं आहे.